उघडी जीप आणि डोक्यावरचा पदर
तापलेल्या ताडपत्रीचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. सासू-सासऱ्यांसह बडोद्याहून दीवला, समुद्राच्या कडेने जायचं ठरलं आणि नवरा म्हणाला, उघडी जीप भाड्याने घेऊ, चालव तूच, मला कुठे येते. माहेरी, पादरा गावी, शेतावरची जीप मी कॉलेजात असल्यापासून चालवत होते. वासणा भागातल्या गॅरेजवाल्याने जीप दारात उभी केली, 'जोई लो, भाभी', बघून घ्या, म्हणत उन्हाने तापलेली ताडपत्री सोडली, तिचा डांबरट वास अंगणभर पसरला आणि मी स्टीअरिंगवर हात ठेवला. तेवढ्यात सासरे पायरीवर आले. आपले पणजोबा बडोद्याच्या महाराजांच्या घोडदळात होते, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. म्हणाले, 'आपल्या घरच्या सुनेच्या डोक्यावरचा पदर ढळत नाही. उघड्या गाडीत तो राहणार कसा?' मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने स्वतःच्या चपलांकडे बघितलं. पण जीप काही परत गेली नाही. ड्रायव्हर आला, जीपमध्ये बापलेक बसले आणि मी सासूबाईंबरोबर मागून येणाऱ्या घरच्या पडदेवाल्या गाडीत, त्यांची धूळ खात. महुवा गावाच्या पुढे वाऱ्याने सासऱ्यांची टोपी उडाली, दोघे तिच्यामागे धावले, आणि मला हसूसुद्धा आलं नाही. समुद्र मी पडद्याच्या फटीतून पाहिला. परवा नवरा म्हणाला, 'आता बाबा नाहीत, उघडी गाडी घेऊन दीवला जाऊ या का?' मी म्हटलं, 'जाऊ की. जीप मी चालवते, तुम्ही मागच्या बंद गाडीतून या.'