देशाचा धुरा

आपलं आणि चीनचं सीमेचं भांडण मुळात का लागलं, हे अख्ख्या पृथ्वीवर एकाच माणसाला नीट कळलेलं आहे, आणि तो माणूस नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं नशीब! मामाजींनी सगळी नोकरी सरकारी मोजणीदार म्हणून केली. लोकांची वावरं मोजली, हद्दीचे दगड रोवले, दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या आणि निवृत्त होऊन नागपुरात आल्यावर थेट हिमालयच हाती घेतला. एकदा पेपरात 'देशाची धुरा नव्या हाती' असा मथळा आला, तर हे सकाळीच माझ्या दारात. आता आमच्या भागात धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. "धुरा हाती कसा घेतील हो जावईबापू? धुऱ्यावरून तं भांडण चालू आहे! आन् 'देशाची' काहून? 'देशाचा' पाहिजे." मी त्यांना पेपरातला अर्थ समजावून सांगितला. तो त्यांना अजून पटलेला नाही.

त्यांचं म्हणणं असं की गोऱ्या साहेबाने खोलीत बसून नकाशावर जाड टाकाने रेघ ओढली, तिथेच घात झाला. "कागदावर रेघ, पण जमिनीवर तिची रुंदी कोसभर! त्या कोसात दोघंही म्हणतात, माह्यं! आन् लगतदाराची सही कुठं आहे, सांगा मले? शेजाऱ्याची सही नसलेली मोजणी आमच्या साहेबानं तोंडावर फेकली असती." हे सांगायला त्यांना नकाशा लागत नाही, समोर असेल ते चालतं. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी चक्क व्याह्यांच्या ताटातल्या भाताचा हिमालय केला, मधून वरणाची रेघ ओढली आणि दरडावून विचारलं, "आता बोला, वरण कोणाचं?" व्याही बिचारे माझ्याकडे अजून वरण घेत नाहीत.

पण जगाकडे सही मागणाऱ्या या गृहस्थांची घरचीच मोजणी राहिलेली होती. काटोलजवळ त्यांचं आणि धाकट्या भावाचं वावर लागून आहे. भावाने धुऱ्याकाठी संत्र्यांची एक ओळ लावली, मामाजी म्हणाले धुरा कोरून माझ्यात शिरलास, आणि तेव्हापासून बोलणं बंद. लग्नकार्यात दोघे एकमेकांकडे पाठ करून बसत, पण दुसरा जेवला की नाही हे मात्र मला विचारत. "तुम्हीच का नाही मोजून टाकत?" असं मी एकदा म्हटलं. "पाहू," म्हणाले आणि घाईघाईने हिमालयात शिरले.

शेवटी गेल्या हिवाळ्यात भावानेच अर्ज केला. लगतदार म्हणून मामाजींना नोटीस आली, आम्ही गेलो. तरुण मोजणीदार बाईंनी उपग्रहाचं यंत्र लावलं, खुणा केल्या आणि सांगून टाकलं, संत्र्यांची ओळ मामाजींच्या हद्दीत आहे. भावाने मान खाली घालून सही केली. "महिन्यात झाडं काढतो," एवढं बाईंना म्हणाला आणि चालू लागला.

मामाजी ढेकळांत ठेचकाळत त्याच्या मागे धावले. "काहून काढतं गा? राहू दे ना ते झाडं! अबे, शिव्या तं दे!"

भाऊ थांबला नाही.

परतताना बसमध्ये काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मामाजी, तुम्ही खरे निघालात."

"तेच तं," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "आता तो माह्याशी कायच्यासाठी भांडंल?"