वाढत्या अंगाचं जॅकेट

आमच्या सोसायटीच्या मागे, बोनकोडे गावात, मासेमारीची जाळी आणि दोर विकणारा एक माणूस आहे. कपडे वाळत घालायची दोरी मी वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच घेते. बोलताना तो माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, हातातल्या वस्तूकडे बघतो. दोरीचं कापलेलं टोक लायटरने वितळवून बंद केल्याशिवाय तो ती गिऱ्हाइकाला देत नाही.

अनया, तू तिकडच्या तळ्यात कयाक, म्हणजे ती वल्ह्याची छोटी होडी, चालवणार म्हणालीस, म्हणून परवा मी त्याच्याकडे तुला पाठवायला लाइफ जॅकेट मागितलं. म्हटलं, "एक माप मोठं द्या. वाढत्या अंगाचं असलेलं बरं, पुढच्या वर्षीही होईल."

"फ्रॉक हाय का तो, आजी?"

त्याने मोठं जॅकेट मलाच घातलं, पट्टे आवळले आणि खांद्यांशी धरून वर ओढलं. ते थेट माझ्या कानांपर्यंत आलं.

"पान्यात असंच होतं. जॅकेट वर, पोर खाली. मापाचं असलं तर हलत नाय."

"मग लहान द्या."

"पोर कुठं हाय?"

"परदेशात."

"मग नाय देनार. तिच्या अंगावर घालून, ओढून बगाया पायजे." पट्टे सोडताना त्याचे हात थांबले. "आमी पन मोठंच घेतलेलं. दोन वर्सं चालंल म्हनून."

कोणासाठी, ते मी विचारलं नाही. त्याने उरलेले पट्टे सोडले आणि जॅकेट परत खुंटीला अडकवलं.

जॅकेट तू तिकडेच घे, बाळा. यंदाच्या अंगाचं घे.