वेणीला दोन हात लागतात

उजव्या बाजूला लकवा आला तेव्हा मी शाळेतून निवृत्त होऊन लातूरच्या घरात एकटीच राहत होते. यजमान आधीच गेलेले, मुलगा हैदराबादेत. तो महिनाभर राहिला, मग त्यालाही नोकरीवर जावं लागलं. पाय लवकर सुधारला. हाताची मूठ मात्र आवळलेलीच राहिली. डाव्या हाताने जेवायला शिकले, गाऊन घालायला शिकले. वेणी काही जमेना.

वरच्या खोलीत निलंग्याकडची एक बाई भाड्याने राहायची. मुलीच्या क्लाससाठी घरदार, नवरा, शेती मागे ठेवून आलेली. एकदा माझे मोकळे केस बघून म्हणाली, "बाई, असं काहून बसून राहिलात? आणा कंगवा."

तेव्हापासून मुलगी क्लासला गेली की ती खाली यायची. तेल लावायची, गुंता काढायची, वेणी घालायची, गावाकडच्या म्हशीचं, सोयाबीनचं सांगायची. दिवसभरात मला माणसाचा हात लागायचा तो तेवढाच.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी खिडकीच्या गजाला जुन्या साडीच्या तीन पट्ट्या बांधून त्यांची वेणी घालायला सांगितलं होतं. बोटं पट्टी धरायची, पण सोडायची नाहीत. एकेक बोट डाव्या हाताने उघडावं लागे. दुपारी दुसरं काही कामही नसायचं, मी तेच करत बसे.

उन्हाळ्यात मुलीची परीक्षा संपली. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मुलीची आई कंगवा घेऊन खाली आली.

"आज तू बस," मी म्हटलं. "माझी मीच घालते."

खांदा ठणकत होता. पेड हातातून सुटले, पुन्हा धरले. वेणी झाली, पण वाकडी, डाव्या कानाकडे वळलेली. ती मांडीवर हात ठेवून बघत होती.

"जमलं की, बाई." मग कंगवा उचलून म्हणाली, "सोडा बरं. एकदा मी घालते."

मी सोडली. तिने नेहमीपेक्षा सावकाश घातली. बाहेरून टेम्पोवाला हाका मारू लागला तेव्हा ती उठली.

दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतरही मी ती वेणी सोडली नाही. तिसऱ्या दिवशी डोकं खाजायला लागलं, मग सोडली.

आता माझी मीच घालते. वरच्या खोलीला कुलूप आहे. मुलगा फोनवर विचारतो, "आई, हात कसा आहे?"

"सगळं करतो," मी सांगते. ते खरंही आहे.