प्रज्ञाच्या टँकचं पाणी

हे मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. एकदा प्रज्ञासमोर तोंड उघडलं होतं, आणि मग भाजीत मीठ कमी आहे का, असंच काहीतरी विचारून गप्प बसले.

तशी गोष्ट छोटी आहे. काचेचा एक टँक, त्यातलं पाणी. कुणाचा जीव गेला नाही — म्हणजे माणसाचा. मग इतकी वर्षं ती घशाशी का अडकली आहे? तुम्ही आम्हाला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

बाबा भंडाऱ्याकडून जबलपूरला आले ते इथल्या फॅक्टरीत नोकरी लागली म्हणून. रिटायर झाल्यावर, आई गेल्यावर, ते आणि मी असे दोघंच अधारतालच्या घरात राहिलो. मी लग्न केलं नाही. ‘बापासाठी राहिली बिचारी’ असं लोक म्हणायचे. ते तितकंसं खरं नव्हतं, पण मी म्हणू द्यायची. माझी नोकरी पाणी तपासायची. आसपासच्या कुंडमच्या, बरगीच्या हातपंपांचं पाणी बाटल्यांतून आमच्या लॅबमध्ये यायचं आणि त्यात नाइट्रेट किती, क्षार किती, ते मी सांगायची. माझ्या आकड्यावर कुणी शंका घेतलेली मला आठवत नाही.

प्रज्ञा माझी धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहते. नवरा रेल्वेत, कायम बाहेरगावी. तिला खाऱ्या पाण्यातल्या माशांचा नाद लागला — मासे आणि पोवळी, जिवंत पोवळी. समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठे, आणि ही बाई पाकिटातलं मीठ आरओच्या पाण्यात कालवून घरातच समुद्र करायची! मला हसू यायचं. बाबांना नाही आलं. ते रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन टँकसमोर खुर्ची टाकून बसायला लागले. माशांना खायला घालायचं कामही त्यांनीच घेतलं.

घरी माझ्याशी त्यांचं बोलणं किती? ‘गोळी दे.’ ‘दार लाव.’ आणि तिकडून आले की तोंड थांबायचं नाही. “आज ते हिरवंवालं पूर्ण उघडलं, बाई. मी बसलो की उघडते ते. ओळखून राहिलं मले.” मी पोळ्या लाटत ऐकायची. आठ वर्षं मी त्यांचं पथ्य सांभाळलं, दवाखान्याच्या रांगेत उभी राहिले. माझ्याबद्दल ते कुणाशी कधी असे बोलले असतील का? एका पोवळ्याचा हेवा — होय, हेवाच. आणि पोवळ्यापेक्षा जास्त तिचा. तिनं काय केलं होतं त्यांच्यासाठी? एक खुर्ची दिली होती.

मग तिनं दोन फुटांचा टँक काढून चार फुटांचा आणला. बाबा त्या दिवशी नवा सदरा घालून गेले. घाईत तिनं जुन्या टँकमधली वाळू न धुता नव्यात ओतली. दोन वर्षांची घाण त्या वाळूत बसलेली, ती सगळी ढवळून निघाली. आठवड्याभरात पोवळी मिटायला लागली. ती बाटलीत पाणी भरून माझ्याकडे आली.

“ताई, जरा बघ ना. मासे खातात, त्याची घाण होते, त्याचं नाइट्रेट होतं म्हणे. तुझं तर कामच आहे.”

ती गेल्यावर मी पाणी तपासलं. औषध टाकल्यावर नळीतलं पाणी पिवळं असायला हवं होतं. ते लाल झालं, गडद लाल. नाइट्रेट पन्नासच्या वर; पोवळ्यांना दहाच्या आत लागतं. पुन्हा केलं, तेच. उपायही मला माहीत होता — जुनी वाळू काढून टाक, रोज थोडं थोडं पाणी बदल. एवढं एक वाक्य. फोन हातात होता.

मी तिला सांगितलं, “पाच आहे. एकदम बढिया.”

का म्हणाले? ठरवून नव्हतं, असं मला लिहावंसं वाटतंय. पण पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा बाटली आणली आणि मी पुन्हा पाचच म्हणाले. तिसऱ्यांदा तर मी तपासलंही नाही. बाटली सिंकमध्ये ओतली, धुतली, आणि “सहा” म्हणाले. एक वाढवून — खरं वाटावं म्हणून.

पोवळी तपकिरी पडली. काचेवर शेवाळ चढलं. मग एकेकाचं मांस गळून खाली पांढरा सांगाडा दिसायला लागला. ते हिरवंही गेलं. शेवटी प्रज्ञानं ज्या दुकानातून मासे आणले होते, तिथल्या भैयाला घरी बोलावलं. त्यानं तिथंच तपासून सांगितलं, “नाइट्रेट तो बहुत हाई है दीदी. खाना ज़्यादा डाल रहे हो क्या?”

मी तिथंच होते. बाबाही होते, त्यांच्या खुर्चीवर. प्रज्ञा माझ्याकडे वळली. “ताई, तुझं तर पाच येत होतं ना?”

तेव्हा तरी बोलता आलं असतं. माझी चूक झाली, एवढं म्हणाले असते तरी भागलं असतं. मी काय म्हणाले ते ऐका.

“मी बघितलं तेव्हा पाचच होतं. नंतर वाढलं असेल. बाबा किती खायला टाकतात, बघतेस ना तू?”

बाबांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “असंन बाप्पा. हात थरथरते माहा. पडत असंन जास्त.”

प्रज्ञा त्यांच्यापाशी बसली, “काही नाही होत बाबा, चलो, नवीन आणू” म्हणाली. तिनं खरंच नवी पोवळी आणली, वाळूही बदलली त्या भैयाच्या सांगण्यावरून, आणि टँक पुन्हा छान झाला. बाबा मात्र पुन्हा तिकडे गेले नाहीत. ती बोलवायला यायची तर म्हणायचे, “नको वं, माहा हात बरा नाही.” संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी वेताच्या मोढ्यावर बसून राहायचे. मला हवं होतं तेच झालं ना? दोन वर्षं रोज संध्याकाळी ते माझ्यासमोर होते. पोळी लाटताना मी काहीबाही बोलायची. ते ‘अच्छा’ म्हणायचे.

मग ते गेले.

प्रज्ञा हा किस्सा अजून सांगते, प्रेमानं. बाबांनी लाडालाडात खाऊ घालून आख्खा टँक कसा बुडवला, ते. पाहुणे हसतात, मीही हसते.

एक राहिलं. बाबा माशांना खायला घालताना मी अनेकदा पाहिलं होतं, त्या सगळ्याच्या आधी. प्रज्ञानं एका वेळी बारा दाणे सांगितले होते. हात थरथरतो म्हणून बाबा दाणे आधी वर्तमानपत्रावर काढायचे, बोटानं एकेक सरकवून मोजायचे, पुन्हा मोजायचे, आणि कागदाची घडी करून तेवढेच पाण्यात सोडायचे. बाराचे तेरा कधी झाले नाहीत.