काळ्या इंजिनाचा वाटा

बाळकुमच्या कोळीवाड्यात हौसाबाई वैतीला दोन नावं होती. तोंडावर हौसाबाय आणि पाठीमागे भोंगा. दुसरं नाव तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा ते तिला जास्त आवडायचं.

ठाण्याच्या मासळीबाजारात तिच्या पाटीला लागून बसायला बायका राजी नसत. कोणी बाई रुमाल नाकाला लावून कोलंबीचा वाटा एका बोटाने उलटापालटा करायला लागली की हौसाबाई पदराचा बोळा नाकाला लावायची, काखेत नसलेली पर्स दाबायची आणि त्याच बाईच्या आवाजात, त्याच तोऱ्यात म्हणायची, "फ्रेश आहे ना हो? कालचं नाही ना? आमच्या ह्यांना वास आलेला चालत नाही." आजूबाजूच्या दहा जणी खिदळायच्या. गिऱ्हाईक एकतर लाजून मुकाट्याने वाटा उचलायचं, नाहीतर शिव्या देत जायचं. हौसाबाईला दोन्ही चालायचं.

तिचा नवरा शिवराम मालवाहू बोटीवर खलाशी होता. बाकीचे खलाशी परदेशातून ट्रान्झिस्टर आणायचे, सेंटच्या बाटल्या आणायचे, बायकोला नायलॉनच्या साड्या आणायचे. शिवराम आगगाड्या आणायचा. अंगठ्याएवढे डबे, त्यांना नखाएवढ्या खिडक्या, इंजिनाला खरोखर फिरणारी चाकं. जर्मन, इंग्लिश, जपानी. कोणी खेळणं म्हटलं की त्याला राग यायचा. "खेलना नाय, मॉडेल बोल. मॉडेल!" सुट्टीवर आला की ट्रंक उघडायची, आतून परत रूळच निघायचे.

"मना नेसाला रूल आनलास काय?" हौसाबाई विचारायची. "काय ते सांग. आठवारी हाय का नववारी?"

एक्याण्णव साली काविळीने शिवराम गेला. मागे राहिला गाड्यांनी भरलेला माळा. तेरावं झाल्यावर तिने पहिलं काम केलं ते म्हणजे भंगारवाल्याला हाक मारली. भंगारवाल्याने डबे हातात घेऊन पाहिले आणि "इसमें लोहा किधर है, मौसी?" म्हणून परत ठेवले. त्याच्याशी भांडण झालंच. पण त्या भांडणाच्या नादात गाड्या ओटीवरच राहिल्या, आणि दुपारी सुजलेले पाय ताणून बसल्या बसल्या तिने सहज रूळ जोडले. शिवरामला हजारदा जोडताना पाहिलेलं, हात आपोआप चालले. वर एक काळं जर्मन इंजिन ठेवलं, मागे मालगाडीची एक उघडी वाघीण. ट्रान्सफॉर्मरचा प्लग भिंतीत खुपसला आणि त्याचं बटण फिरवलं. इंजिन निघालं.

ओटीच्या दुसऱ्या टोकाला शेजारची मनुबाई भिंतीला टेकून बसली होती. गाडी तिच्यापर्यंत गेली आणि वळसा घेऊन परत आली.

"अगं हौसा," मनुबाई म्हणाली, "तंबाखू ठेव ना त्यावं."

त्या दिवसापासून तो रोजचा कार्यक्रम झाला. वाघिणीत तंबाखू-चुन्याची डबी. हौसाबाई बटण फिरवायची, गाडी मनुबाईकडे जायची. मनुबाई चिमूट मळायची, डबी परत ठेवायची, गाडी माघारी. दोघींपैकी एकीलाही उठावं लागत नसे. बोलणं फार नाही. पहाटे बंदरावर भांडून, सकाळी बसमध्ये कंडक्टरशी भांडून, दुपारपर्यंत बाजारात भांडून आलेल्या हौसाबाईला अख्ख्या दिवसात तेवढाच एक तास कोणाशी भांडावंसं वाटत नसे. तो तास तिला पापलेटापेक्षा महाग होता.

आणि त्याच तासाला एका दुपारी दामाजी उगवला.

दामाजी म्हणजे शिवरामचा धाकटा भाऊ. लग्नानंतर डोंबिवली पूर्वेला ब्लॉक घेऊन राहिला, कचेरीत कारकून झाला, आणि तिथल्या शेजाऱ्यांच्या संगतीत त्याची भाषा इस्त्री केल्यासारखी कडक झाली. कोळीवाड्यात शिरलं तरी तिला सुरकुती पडत नसे. आला, ओटीवर पाहिलं आणि जागच्या जागी थिजला.

"वहिनी! हे काय चाललं आहे? ह्या वाघिणीवर... तंबाखू?"

"मंग काय बर्फ ठेवू?"

"वहिनी, हा संग्रह आहे. संग्रह! कोणतं मॉडेल घ्यायचं, हे मी दादाला पत्राने कळवत असे. निवड माझी, खरेदी त्याची. न्यायाने अर्धा संग्रह माझा होतो."

"न्यायाने होतो," हौसाबाई मान एका बाजूला कलती करून, ओठांचा चंबू करून म्हणाली. आवाज इतका दामाजीचा होता की मनुबाईला ठसका लागला. "आनि कावील झाली तवा न्याय कुठं गेलेला? डोंबिवलीला?"

दामाजी तडक गुणाजी नाखव्याकडे गेला. नाखवा आळीतला सगळ्यात म्हातारा, एके काळी दोन बोटींचा मालक. वाटणीचं भांडण त्याच्यापुढेच मिटायचं. नाखव्याने डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला: भावाभावांचं आहे, अर्धं-अर्धं करा.

"मी संगणकावर सूची तयार करतो," दामाजी म्हणाला. "कागदावर खाडाखोड होते. संगणक पक्षपात करत नाही."

नाखव्याला संगणक म्हणजे काय ते कळलं नाही, पण शब्द वजनदार वाटला. तो म्हणाला, "आन मंग त्याला."

हौसाबाई रात्रभर तळमळली. अर्धे काय, पाऊण डबे नेले असते तरी तिने पाटी आपटून गप्प बसायचं ठरवलं असतं. तिला हवं होतं फक्त काळं इंजिन आणि ती वाघीण. पण ते मागितलं की दामाजी नेमका त्यावरच बोट ठेवणार, हे बाजारात केस पांढरे केलेल्या बाईला सांगायला नको होतं. तिने ठरवलं, त्या इंजिनाचं नाव तोंडातून काढायचंच नाही.

रविवारी दामाजी रिक्षातून आला. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला मॉनिटर, पायांशी मोठा डबा, बगलेत कीबोर्ड. आळीतली पोरं मागे धावली. "टीवी आणला, टीवी आणला!"

"टीव्ही नव्हे. संगणक." दामाजीने ओटीवर पाट ठेवून सगळं मांडलं. ठाण्यात क्लास लावून त्याने स्वतः प्रोग्रॅम बनवला होता. प्रत्येक गाडीचा देश, प्रकार, अवस्था, मूळ खोका आहे की नाही, आणि शेवटी दहापैकी गुण. गुणांची बेरीज सारखी येईल असे संगणकच दोन भाग पाडणार. पडद्यावर सगळं इंग्रजी, पण प्रत्येक ओळ तो शाळेतल्या बाईंसारखा मोठ्याने मराठीत वाचायचा.

"इंग्लिश डबा, तपकिरी. अवस्था उत्तम. खोका?"

"हाय," हौसाबाईने आतून खोका आणून दिला.

दामाजीने झाकण उघडलं आणि मान झटक्याने मागे नेली. "वहिनी, ह्यात सुकट आहे!"

"मंग कोरडं ऱ्हायला पायजे ना ते. झाकन चांगलं बसतंय."

"हा मूळ खोका आहे! ह्या खोक्याला डब्याइतकंच मोल असतं!"

"सुकटीला पन मोल हाय. ओत परत, खाली सांडू नको."

अर्धी यादी झाली आणि लाईट गेली. पडदा काळा. दामाजी काही वेळ त्या काळ्या काचेतल्या स्वतःच्या तोंडाकडे बघत राहिला. मधेमधे सेव्ह करायचं राहून गेलं होतं. हौसाबाई इतकी हसली की पलीकडच्या आळीतून बाया बघायला आल्या. "संगणक पक्षपात करत नाही," ती सगळ्यांना दामाजीच्या आवाजात सांगत होती, "सगल्यांचंच खातो!"

लाईट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. आता मात्र ती हसत नव्हती, कान देऊन ऐकत होती. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण आवाज वाचता येत होता. जपानी डब्याला दामाजी "अप्रतिम!" म्हणाला तेव्हा आवाज पोकळ होता. मग काळं जर्मन इंजिन त्याच्या हातात आलं. त्याने ते सावकाश फिरवून पाहिलं आणि हलक्या, जवळजवळ लाडाच्या आवाजात म्हणाला, "हे काही खास नाही. रंग उडालेला. तंबाखूचे डाग. दोन गुण पुष्कळ झाले."

ज्याला पापलेट न्यायचंच असतं तोच त्याला शिळं म्हणतो. उघड्या वाघिणीला त्याने एकच गुण दिला. मग चांगल्या चालत्या इंजिनांना दोन, दोन, तीन. न चालणाऱ्या पण खोक्यातल्या गाड्यांना आठ, नऊ. प्रोग्रॅम त्याचाच, तेव्हा कमी गुणांचा माल एकीकडे गोळा होणार आणि तो ढीग मोठा होणार, एवढं तिला गणिताशिवाय कळलं. पण ती गप्प बसली. मनुबाईला वाटलं, हिची तब्येत बिघडली.

संध्याकाळी नाखव्याला बोलावलं. दामाजीने एक कळ दाबली, संगणकाने दोन याद्या काढल्या, आणि त्याप्रमाणे चटईवर दोन ढीग झाले. पहिल्यात काळं इंजिन, वाघीण आणि चालणारं झाडून सगळं. दुसऱ्यात खोकेच खोके, सुकटीच्या वासाचे.

"गुण समसमान," दामाजी म्हणाला. "नाखवा, आपण स्वतः पाहू शकता. पहिली यादी माझी." आणि त्याने ढिगाकडे हात नेला.

"हात मागं घे," हौसाबाई म्हणाली. "नाखवा, वाटे कोनी केले?"

"संगणकाने केले," दामाजी म्हणाला.

"संगनक कोनाचा?"

"माझा. का?"

नाखव्याने मिटलेले डोळे उघडले. त्यांच्या आळीत बोटीवरची मासळी वाटायची रीत पोराटोरांनाही ठाऊक होती: वाटे मांडणाऱ्याने शेवटी उचलायचं. म्हणजे मांडताना हात सरळ राहतो. डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये वाटे मांडायचा प्रसंग येत नाही, त्यामुळे दामाजीच्या डोक्यातून ते धुऊन गेलं होतं.

"दामा," नाखवा म्हणाला, "वाटे तू केलेस. पयली तिनं उचलाची."

"पण ही पद्धत मासळीला लागू आहे!" दामाजी ओरडला. "हे... हे संगणकीय... जल्ला मेला तुमचा वाटा! मी एवरा डबा मांडीवं घेऊन आयलो तो कशाला?"

"आयलो!" हौसाबाईने टाळी वाजवली. "मनू, ऐकलंस? आयलो बोलला! इस्त्री जलली!"

तिने पहिला ढीग पदरात ओढला. दामाजी लाल तोंडाने खोके गोळा करायला लागला, आणि मग दोघांची नजर एकदमच भिंतीकडे गेली. ट्रान्सफॉर्मर प्लगला लटकत होता. तो ना गाडी होता, ना डबा; दामाजीच्या प्रोग्रॅममध्ये त्याच्यासाठी रकानाच नव्हता. तो कोणाच्याच यादीत आला नव्हता. हौसाबाईने वायर धरली, दामाजीने पेटी धरली.

"सोड!"

"आपण सोडा!"

नाखव्याने मध्ये येऊन तो दोघांच्या हातातून काढून घेतला. "वाट्यात नाय आलं ते देवाचं," तो म्हणाला. ही पण आळीचीच रीत. वाटे झाल्यावर टोपलीच्या तळाला राहिलेली मासळी कोणी घरी नेत नसे. ह्या वेळी ती रीत हौसाबाईवर उलटली. नाखवा ट्रान्सफॉर्मर काखेत मारून घरी गेला आणि त्याने तो देव्हाऱ्यात ठेवला. हळद-कुंकू लावून.

दुसऱ्या दिवशी बाजारात हौसाबाईने तीन गिऱ्हाइकांची नक्कल केली आणि एकही मजेशीर झाली नाही. ओटीवर काळं इंजिन मेल्यासारखं पडलेलं. अखेर ती नाखव्याच्या दारात गेली. नाखवा उदार मनाने म्हणाला, देवाचं आहे, पण वापरायला हरकत नाही. मी स्वतः घेऊन येईन.

तो आला. रोज यायला लागला. पिशवीत ट्रान्सफॉर्मर, आणि बटण कोणाच्या हातात देईना. "देवाचं हाय, मीच फिरवनार." फिरवायचा भलत्याच जोरात. वळणावर डबी उडायची, चुना मनुबाईच्या लुगड्यावर. आणि तोंड चालूच: त्याच्या बोटी, त्याचे गुडघे, सुनेने आमटीत घातलेलं मीठ. हौसाबाईचा तास गेला तो गेलाच. वर ज्याच्यावर ओरडता येत नाही असा माणूस रोज समोर बसलेला.

आठवडाभर सोसून तिने एसटीडी बूथवरून डोंबिवलीला फोन लावला.

"दामा, तुजा डबा घेऊन ये. एक वस्तू नोंदवाची राहिलीय."

"वहिनी, नोंदणी पूर्ण झालेली आहे." पलीकडून आवाजात साखर.

"बरा. तुज्या गाड्या कशावं चालवतंस?"

"बॅटरीवर."

"चालतात?"

पलीकडून बारीक आवाजात, "नाय."

"मंग ये. आधी दोघं मिलून त्या थेरड्याशी भांडू. आपलं नंतर बघू."

रविवारी नाखव्याच्या दारात जे झालं ते बाळकुमने आधी ऐकलं नव्हतं. एका बाजूने हौसाबाई बोलीत, दुसऱ्या बाजूने दामाजी शुद्ध मराठीत, एकाच वेळी, श्वास न घेता. नाखव्याने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि सुनेला म्हणाला, "दे गं ते. देवाला पन झोप पायजे."

ट्रान्सफॉर्मर ओटीवर परत आला. ठरलं ते असं: पेटी हौसाबाईच्या भिंतीला राहायची, रविवारी दामाजीने आपल्या गाड्या आणून चालवायच्या. म्हणजे सहा दुपारी शांतता. पण सातवी त्याच दिवशी सुरू झाली. दामाजीने खोक्यातून आपला अप्रतिम जपानी डबा काढला, फुंकर मारली, काळ्या इंजिनामागे जोडला. त्याच्या गाड्यांतली इंजिनं चालत नव्हती, त्यामुळे तेवढं उसनं घेणं भाग होतं.

"वहिनी, बटण माझ्याकडे द्या."

"वहिनी बटन मला द्या," ती म्हणाली आणि दिलं नाही.

"वेग कमी करा. वळणावर डबा घसरेल. वहिनी, मी अत्यंत नम्रपणे सांगतो आहे..."

हौसाबाईने त्याच्याकडे पाहत बटण शेवटपर्यंत फिरवलं. इंजिन वळलं, जपानी डबा वळला नाही. ओटीच्या कडेवरून तो सरळ खाली गटारात गेला.

"तुज्या आयचा घो!" दामाजी चप्पल न घालताच खाली उडी मारत ओरडला.

"मनू," हौसाबाई म्हणाली, "तो वर येस्तोवर तंबाखू मलून घे."