दोन कोवळे बांबू

पोस्टवर चढायच्या आदल्या दिवशी बेस कॅम्पवर किट तपासणी होती. वेळ पंधराशे, म्हणजे तुमच्या घड्याळात दुपारचे तीन. मी प्लाटून हवालदार. जवान एकेक करून पाठीवरचा पिट्टू उघडून दाखवत होते. लान्स नाईक जंगू टेकामच्या पिट्टूत तळाशी कापडात गुंडाळलेली एक सुरी निघाली. पातं बोटभर रुंद, मूठ काळी पडलेली.

“हे काय?”

“बांबू सोलाची सुरी हाय.”

“वरती बांबू आहे का बे? नुसता बर्फ आहे.”

“असू द्या ना, हवालदार. आपली आपल्यापाशी.”

दुसऱ्या कोणाची असती तर जप्त केली असती. पण मी दारव्ह्याकडचा आणि तो पांढरकवड्याच्या पुढच्या जंगलातल्या एका पोडावरचा. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. अख्ख्या कंपनीत यवतमाळ जिल्ह्याचे आम्ही दोघंच. घरापासून इतक्या लांब ‘काहून’ आणि ‘कायले’ म्हणणारा माणूस भेटला की हवालदारसुद्धा थोडा नरम पडतो. सुरी राहू दिली.

पोस्टचं नाव सांगणार नाही. शाळेत झेंडावंदनाला बोलावतात, तिथं पोरं विचारतात, काका, किती दुश्मन मारले? एकही नाही. आमच्या पोस्टवरून दुश्मन कधी दिसलाच नाही. दिसायचा तो बर्फ. पाचशेला उठायचं, स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यावर उभं राहायचं, मग फावडी घेऊन बंकरचं तोंड मोकळं करायचं, बर्फ वितळवून पाणी करायचं, रेडिओ चेक, ड्युटी, पुन्हा फावडी. दाढी केली तर गाल फाटायचा. जेवण डब्यातलं. तिसऱ्या महिन्यात माणूस बोलणं सोडतो. मी तर दुसऱ्यातच सोडलं होतं. खरं सांगतो, मला त्या नोकरीचा तेव्हा वीट आला होता.

टेकामला कशाचाच वीट येत नसे. त्याचा मला राग यायचा. फावडं मारता मारता थांबायचा आणि म्हणायचा, “भाऊ, पाहा ना, पिवळ्या चोचीचे कावळे कसे उलटे उडून राह्यले!” चारचौघांत तो मला हवालदार म्हणे, दोघंच असलो की भाऊ.

“काम कर,” मी म्हणायचो.

“काम त करूनच राह्यलो. पाहाले का पैसे लागते?”

आमच्या पोस्टपासून खालच्या पोस्टपर्यंत वाट होती. तिच्यावर पंचवीस पंचवीस पावलांवर बांबू रोवलेले, टोकाला लाल कापड. त्यांना रूट मार्कर म्हणतात. धुकं-वादळात माणूस एका बांबूवरून दुसरा शोधत चालतो. दोन बांबू स्टोअरमध्ये जादा होते, मोडले तर लावायला. एक दिवस टेकामनं ते दोन्ही उचलून पाहिले, नखानं टोचले, पेराला कान लावून टिचकी मारली.

“भाऊ, हे कोवळे तोडले हायेत. एका वर्साचे. बर्फात उभे नाही राहाचे, फाटतील.”

“मग?”

“इणाले मात्र लय झ्याक.”

बांबूच्या बाबतीत कोलामाचं बोलणं म्हणजे डॉक्टरचं बोलणं. आमच्या गावच्या बाजारात मी लहानपणापासून बघत आलो आहे. कोलामानं नाही म्हटलेला बांबू आमच्याकडे कोणी खांबाला लावत नाही. मी म्हटलं, घेऊन जा. त्या जागी चांगले दोन मागवायला पाहिजे होते. खालून रसद यायची तेव्हा चिठ्ठी पाठवली की झालं असतं. पाठवू, पाठवू म्हणत राहून गेलं. चूक माझी. पोस्ट सुभेदार साहेबांच्या ताब्यात, त्यांना मी विचारलंही नव्हतं.

त्यानं आठ दिवसांत बांबूच्या कामट्या काढल्या. बुखारीच्या शेगडीजवळ बसून त्या ऊबेला धरायचा, हळूच वाकवायचा. आम्ही थट्टा करायचो, कोंबड्या झाकायला टोपलं विणतो आहे म्हणून. त्यानं विणलं ते कंदिलावरचं झाकण होतं. बंकरच्या छताला सोलरचा कंदील टांगलेला, त्याच्यावर त्यानं ते बसवलं. अठराशेला कंदील लावला आणि चारही भिंतींवर, आमच्या तोंडांवर, ब्लँकेटवर सावल्या पडल्या. पानांच्या. कामट्या त्यानं अशा काही तिरप्या घातल्या होत्या की झाडाखाली बसल्यागत वाटायचं. कंदील जरा हलला की पानं हलायची.

आम्ही तीन महिने झाड पाहिलं नव्हतं. मग सांगलीकडचा एक जवान म्हणाला, “सरक की जरा, मला पण सावलीत बसू दे.” सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून जागेवरून भांडणं लागली. कोणाचा आंबा, कोणाचं चिंचेचं झाड. माझ्या कोपऱ्यातला मोह आहे, असं टेकामनं ठरवून टाकलं. संध्याकाळी लोक पुन्हा बोलायला लागले, घरची पत्रं एकमेकांना वाचून दाखवायला लागले. मी इतकी वर्षं नोकरी केली, पण प्लाटूनचं मनोबल म्हणतात ते मला त्या टोपल्यात दिसलं.

जानेवारीत दोन दिवस वादळ झालं. तिसऱ्या दिवशी उघडलं. सकाळी साडेसातला वाट तपासली तर दहा आणि अकरा नंबरचे मार्कर गेलेले. नेमके वळणावरचे. तिथं उजव्या हाताला कॉर्निस होता, म्हणजे वाऱ्यानं कड्याच्या बाहेर बांधलेला बर्फाचा छज्जा. वरून सपाट जमीन वाटते, खाली काही नसतं. स्टोअरमध्ये लावायला काही नव्हतं. आकाश निळंशार. मी सुभेदार साहेबांना म्हटलं, खालून औषधं घेऊन येतो, येताना दोन बांबूही आणतो. आठशेला चार जण निघालो.

परत येताना अकराशे वीसला व्हाइटआउट झालं. वर पांढरं, खाली पांढरं. स्वतःचे बूट दिसत नाहीत. आम्ही चौघं एका रोपवर, म्हणजे एकाच दोराला बांधलेले होतो. नऊ नंबरचा बांबू हाताला लागला. पुढचा लागला नाही, कारण तो नव्हताच. आणलेले दोन बांबू माझ्या पाठीवर होते. ते कुठं रोवायचे हेच दिसत नव्हतं. मी रेडिओ घेतला; वाटेवरच्या टोळीचं रेडिओवरचं नाव लिंक.

“पोस्ट, लिंक. नऊवर आहोत. पुढं दिसत नाही. ओव्हर.”

“लिंक, पोस्ट. हलू नका. ओव्हर.”

“एकाची बोटं पांढरी पडली आहेत. फार थांबता येणार नाही. ओव्हर.”

थोडा वेळ नुसती खरखर. मग सुभेदार साहेबांचा आवाज: “टेकाम निघाला आहे. वरून येतो. आवाजावर लक्ष ठेवा. ओव्हर.”

मला त्याचं ओरडणं ऐकू आलं तेव्हा अकरा पंचेचाळीस झाले होते. तो वरच्या बाजूनं बारा नंबरच्या बांबूपर्यंत आला, तिथं त्यानं रोप बांधला, दुसरं टोक कमरेला. वळणापर्यंत पोचायला रोप चार पावलं कमी पडला. त्यानं कमरेची गाठ सोडली, टोक डाव्या हातात धरलं आणि बांबू असायला पाहिजे होता तिथं जाऊन उभा राहिला. उजव्या हातात आइस अ‍ॅक्स, तिला लाल मफलर बांधलेला. तो हलवत होता आणि “हो, हो, हो” करत होता, शेतातली पाखरं हाकलतात तसं.

मफलर दिसला. आम्ही पोचलो. तिघांना मी एकेक करून त्याच्या रोपला धरून पुढं सोडलं. मी चौथा. त्याच्या भुवयांवर बर्फ जमला होता.

“काहून बाहेर आला बे?” मी ओरडलो. मी घाबरलो होतो म्हणून ओरडलो.

त्यानं अ‍ॅक्सच्या दांड्यानं बर्फात पाडलेल्या भोकाकडे बोट केलं. “भाऊ, आतमंदी पाहा. मोराच्या गळ्यावानी निळं दिसून राह्यलं.”

“चूप. चाल.”

मी पुढं झालो. आठ-दहा पावलं चाललो असेन. आवाज मोठा नव्हता, गोणी टाकल्यासारखा. हातातला रोप सैल झाला. मागं वळून बघितलं तर पांढरंच होतं. वेळ अकरा अठ्ठावन्न.

तो दुसऱ्या दिवशी दहा दहाला कड्याखाली, तुटून पडलेल्या छज्ज्याच्या बर्फात सापडला. ज्याची बोटं पांढरी पडली होती त्या जवानाची बोटं वाचली.

चौकशीत मी दोन बांबूंचं सगळं सांगितलं. जे व्हायचं ते झालं, त्याची तक्रार नाही. पण चौकशी म्हणजे घर नव्हे. दोन महिन्यांनी रजा मिळाली तेव्हा दारव्ह्याला आपल्या घरी न जाता मी सरळ पांढरकवड्याला उतरलो. तिथून जीप, पुढं चार मैल पायी. त्याच्या माणसांना खरं सांगायचं होतं, आणि त्यांनी मला हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं. पळस फुलला होता. मी खाली मान घालून चाललो.

अंगणात म्हातारा बाप बांबू सोलत बसला होता. टेकामची बायको मैनाबाई सारवत होती, भिंतीला पांढऱ्या मातीचा हात देत होती. तिनं पाणी दिलं. मी उभ्यानंच सांगून टाकलं: जादाचे बांबू मी दिले, दुसरे मागवले नाही, वळणावर बांबू असता तर जंगू बाहेर आला नसता.

म्हाताऱ्यानं हातातली कामटी खाली ठेवली.

“कोवळे होते म्हनता?”

“हो, बाबा. त्यानंच सांगितलं.”

“मंग ते वादळात फाटलेच असते. पोरगं बरोबर बोललं.” एवढं बोलून त्यानं समोरच्या कामट्या बाजूला सारल्या. मग म्हणाला, “बसा.”

मी बसलो. इतक्या सहज सुटेन असं वाटलं नव्हतं, आणि सुटल्यासारखं वाटलंही नाही. चांगले बांबू मागवायचे होते, ते काम माझं होतं. हे म्हाताऱ्याला पुन्हा सांगायला तोंड उघडलं तर मैनाबाईनं विचारलं, “भाऊ, थो शेवटी काई बोलला का?”

वाटेत ठरवलं होतं की काहीतरी चांगलं सांगू. घरच्यांची आठवण काढली, असं. पण खरं सांगायलाच आलो होतो. मी तिला भोकाचं सांगितलं, बर्फाच्या आतल्या निळ्या रंगाचं, मोराच्या गळ्याचं.

तिचा मातीनं भरलेला हात भिंतीवर तसाच राहिला. ती जरा हसली. नवऱ्याला ओळखत होती ना. मग डोळे भरून आले.

“मंग?” ती म्हणाली. “पाह्यलं का तुमी?”

मी नाही म्हटलं.

“पाहाले पाह्यजे होतं, भाऊ.”