लिफ्टवाल्या काकांखालची लाल रेघ

पहाटे सुटलेला वारा आठ वाजत आले तरी दम घ्यायला तयार नव्हता. चॅनेलच्या इमारतीवर टांगलेला मालिकेचा कापडी फलक एका कोपऱ्यातून सुटला होता आणि भिंतीवर फटाफट आपटत होता. दर झोताला त्या फलकावरच्या यानाच्या कप्तानाला थोबाडीत बसत होती. शेरेबाई दारात थांबून जरा वेळ ते बघत राहिल्या. "बसू दे मेल्याला," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि आत गेल्या.

आत त्यांची रविवारची कामं ठरलेली. खिडकीची कडी घट्ट लावायची, कानावर चढवायच्या फोनचा स्पंज फडक्यानं पुसायचा, वहीत तारीख घालायची, पेनं कागदावर गिरवून चालतात का बघायचं. आज काळं पेन चालेना, तर त्यांनी ते इतकं दाबलं की निब वाकली. शेजारच्या टेबलावरच्या मावशी विणकाम काढता काढता म्हणाल्या, "सकाळी सकाळी कुणाचा गळा आवळतेयस?"

"अजून नाही आवळला," शेरेबाई म्हणाल्या.

या खोलीला प्रेक्षक कक्ष म्हणत. दोन टेबलं, दोन फोन, दोन वह्या. शनिवारी संध्याकाळी सातला 'यान पावणेआठ' लागायची आणि रविवारी आठपासून लोक फोन करून तिच्याविषयी काय वाटलं ते सांगायचे. मालिका अंतराळातली, पण सगळी हसण्यावारी नेलेली. कप्तानाला उंचीची भीती, स्वयंपाकी यंत्रमानव, तोही रुसका. वहीत रकाने पाच: वेळ, नाव, पत्ता, आवडलं की नाही, आणि शेवटी शेरा. मावशी शेऱ्याच्या रकान्यात फिरकायच्या नाहीत. बरोबरची खूण, की विषय संपला. या बाई मात्र माणूस बोलेल तसं उतरवून घ्यायच्या, शब्द न् शब्द, अडखळला असेल तर तेही. म्हणून सगळी इमारत त्यांना शेरेबाई म्हणायची. अठरा वर्षं हे चाललं होतं.

"माणूस बोलला तसा कागदावर उतरला पाहिजे," त्या सांगायच्या. "नाहीतर त्यानं आपल्याशी बोलायचं कशाला? आरशाशी बोलेल."

त्यांची वही उघडली तर हसून पोट दुखावं. एका बाईंनी विचारलं होतं, "कप्तान उंचीला घाबरतो तर त्याच्या हातात यान दिलं कुणी? आम्ही मुलाला सायकल देताना चारदा विचार करतो." दुसरीनं आवाज खाली आणून म्हटलं होतं, "तो यंत्रमानव रुसला की तीन दिवस बोलत नाही. माझ्या जावेवरून घेतलाय ना? मला सांगा, मी कुणाला बोलणार नाही." एक मास्तर चिडलेले होते. त्यांच्या वर्गातली पोरं हजेरीला बीप करायला लागली होती.

आणि दर रविवारी, आठ वाजून पाच मिनिटांनी, लिफ्टवाले काका.

सदतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून घरी बसलेला माणूस. पहिल्या फोनला नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट म्हणाले, "तुमच्या यानात सगळे तरंगतात, मग त्या स्वयंपाक्याची टोपी पडली कशी? लिफ्ट खाली सुटते तेव्हा पोटात कालवतं बघा. ते कालवणं थांबलंच नाही तर जे होईल, ते अंतराळ. तिथं टोपी पडायला खाली कुठं आहे? घ्या लिहून." शेरेबाईंनी हसत हसत घेतलं लिहून. पुढच्या रविवारी काकांनी यानाच्या दाराच्या कडीची चूक काढली, त्याच्या पुढच्या रविवारी पायऱ्यांची. असं महिनोन् महिने. शेवटी बाईंनी विचारलं, "काका, इतकी चुकीची आहे तर बघता कशाला?"

काका म्हणाले, "हिला आवडायची. पण हिला ऐकू यायचं नाही. कानातलं यंत्र टोचतं म्हणून काढून ठेवायची. मग प्रत्येक विनोद मी मोठ्यानं सांगायचो. टोपी पडली म्हणतोय तो, असं. मग ती हसायची. टीव्हीतली माणसं हसून पुढं गेलेली असायची, आमच्या घरात हसू दोन मिनिटं उशिरा यायचं. आता ती जाऊन सहा महिने झाले. पण तोंडाला वळण पडलंय ना. अजून सांगतो मोठ्यानं. शेजारचा भिंतीवर ठोकतो. मी म्हणतो, ठोक बाबा."

"त्यांच्या खुर्चीकडे तोंड करून सांगता?" शेरेबाईंनी विचारलं.

"मग काय कपाटाकडे?" काका म्हणाले.

हेही त्यांनी उतरवलं, स्वतःच्या प्रश्नासकट. आणि त्याखाली लाल रेघ मारली.

ती लाल रेघ नवी होती. दोन महिन्यांपूर्वी मालिकेचे लेखकसाहेब स्वतः जिना उतरून या खोलीत आले होते. "शेरेबाई, तुमची वही म्हणजे आमच्यासाठी खाण आहे," असं म्हणून त्यांनी बाईंना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "चांगलं काही सापडलं तर लाल रेघ मारत जा. आम्हाला शोधावं लागणार नाही." अठरा वर्षांत त्यांची वही कुणी उघडून बघितली नव्हती. घरी जाताना त्यांनी वाटेत दुकानात थांबून लाल पेन घेतलं.

आणि काल संध्याकाळी त्या लाल रेघेवरचं सगळं पडद्यावर आलं.

घरात नवरा ताट मांडीवर घेऊन बसला होता, मुलगी पाय सोफ्यावर टाकून. यानाच्या वाटेत एक गंजका डबा तरंगत येतो. आत एक म्हातारा, समोर रिकामी खुर्ची. यानावरची माणसं काहीही बोलली की म्हातारा ते खुर्चीला ओरडून सांगतो. त्याला चिकटलेल्या दुसऱ्या डब्यातून कुणीतरी ठोकतं. "ठोक बाबा," म्हातारा म्हणतो. कप्तान विचारतो, "आजोबा, खुर्चीला कमी ऐकू येतं का?" मग ते छापील हसू, हॉहॉहॉ. नवरा ठसका लागेपर्यंत हसला. "अगं, काय नमुना शोधलाय."

शेरेबाईंनी उठून टीव्ही बंद केला.

"अगं, काय झालं? तुमचीच मालिका ना?"

"माझी नाही," म्हणून त्या आत गेल्या आणि भांडी घासली. घासली कसली, आपटली. मुलगी दारात येऊन म्हणाली, "आई, ती पातेली जिवंत असती तर पोलिसात गेली असती." तरी त्यांना हसू आलं नाही.

आज आठ पाच झाले. आठ दहा झाले. काकांचा फोन नाही. बाकीच्यांचे मात्र थांबेनात. "तो खुर्चीवाला म्हातारा रोज आणा." "आम्ही आता सासऱ्यांना तेच म्हणतो, खुर्चीला सांगा." "माझ्या मुलानं नक्कल केली, फोनवर ऐकवू का?" शेरेबाई 'नको' म्हणाल्या, पण पोरानं तोवर सुरुवात केली होती. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात एक अक्षर लिहिलं नाही. नुसत्या खुणा करत गेल्या, 'आवडलं'च्या घरात एकीखाली एक, इतक्या जोरात की मागच्या पानावर उमटल्या.

"पान फाडशील," मावशी म्हणाल्या.

"फाटू दे."

"कोण कुठला म्हातारा, त्याच्यापायी किती जिवाला लावून घेशील? माझ्यासारखी खूण करत गेली असतीस तर हे झालं असतं का?"

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. साडेदहाला त्यांनी फोन मावशींच्या गळ्यात घातला, वही काखेत मारली आणि दोन जिने चढून लेखकांच्या खोलीत गेल्या. तिथं पाचसहा जण लांब टेबलाभोवती बसले होते. लेखकसाहेब पाव कुरतडत होते. बघताच म्हणाले, "या या. तुमच्यामुळेच आजचा दिवस आहे. किती फोन?"

"तो माणूस आहे," शेरेबाई म्हणाल्या. "तो डबा नाही. त्या माणसाची बायको मेलीय."

"माहीत आहे, वहीत होतं. पण नाव घातलं का आपण? पत्ता? ओळखणार कोण?"

"तो स्वतः ओळखेल."

"लोक शेवटी खूशच होतात हो, आपण टीव्हीत आलो म्हणून." मग त्यांनी पाव खाली ठेवला. "आणि शेरेबाई, रागावू नका, पण लाल रेघ कुणी मारली होती?"

टेबलाभोवती कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी वर बघितलं. शेरेबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथंच अडकली. कारण रेघ त्यांनीच मारली होती. त्या वळल्या आणि जिना उतरल्या. कठड्याला हात न लावता, पायरी पायरी तुडवत.

अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

"प्रेक्षक कक्ष, नमस्कार."

"किती जण हसले?"

"काका..."

"विचारतोय तेवढं सांगा. किती फोन आले?"

"माझ्याकडे सेहेचाळीस."

"माझा शेजारीही हसला. भिंतीतून ऐकू आलं मला. सकाळी जिन्यात भेटला तर म्हणतो, काका, खुर्ची मजेत ना." काकांचा आवाज चढला नव्हता. नेहमीसारखाच होता, नट सैल झालाय असं सांगावं तसा. "दर वेळी शेवटी म्हणायचात, प्रतिक्रिया नोंदवली आहे. मला वाटायचं, खूण करत असाल. एक म्हातारा बडबडला, झाली खूण. तुम्ही सगळं लिहीत होतात?"

"शब्द न् शब्द."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. आणि त्याखाली लाल रेघ मारून वर पाठवलं, तेही मीच. मला ते फार चांगलं वाटलं म्हणून."



"चांगलं होतंच ते," काका म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला सांगितलं. तुम्हाला, बाई. वहीला नाही."

शेरेबाईंनी डोळे मिटले. माफी ओठावर आली होती, पण ती इतकी टिचभर वाटली की त्यांनी गिळली.

"माझं सोंग काढलं त्याचं मला काही नाही," काका पुढं म्हणाले, आणि आता मात्र आवाज तापला. "सदतीस वर्षं लोकांच्या लिफ्टमध्ये डोकं खाली, पाय वर. पुष्कळ हसलेत लोक. पण खुर्ची दाखवलीत आणि तिचं हसणं नाही दाखवलंत. हसायची ती. उशिरा का होईना, खदखदून हसायची. ते काढून घेतलंत तर राहिलं काय? एक येडा म्हातारा आणि लाकूड. हा कसला विनोद?"

"ते मी लिहिलं होतं काका. त्यांनी गाळलं."

"मग त्यांना सांगा. आत्ता मी काय बोललो ते सगळं सांगा."

शेरेबाईंच्या हातात पेन होतं, वही उघडी होती. हात सवयीनं शेऱ्याच्या रकान्याशी गेलाही. आणि त्यांना लख्ख दिसलं, पुढच्या शनिवारी काय होईल ते. डब्यातला म्हातारा चिडलेला, फोनवर तक्रार करणारा, आणि हॉहॉहॉ. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मी नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा. धरा जरा."

प्रेक्षकाचा फोन वर जोडायचा नाही, हा इथला पहिला नियम. भिंतीवर चिकटवलेला होता, त्यांच्याच अक्षरात. त्यांनी लेखकांच्या खोलीचा आकडा दाबला, पलीकडे 'हॅलो' ऐकलं आणि जोडून दिला. मग कानावरचं काढून टेबलावर ठेवलं. मावशींच्या सुया थांबल्या होत्या.

"ऐकत नाहीस?"

"नाही. ऐकून झालं माझं."

फोनवरचा बारीक दिवा लागलेला होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं. अठराव्या मिनिटाला विझला. आणखी दोन मिनिटांत लेखकसाहेब दारात. कानशिलं लाल, आवाज बसलेला.

"कुणी जोडला?"

"मी."

"नियम माहीत आहे?"

"मीच लिहिलाय."

"त्या म्हाताऱ्यानं सगळा प्रसंग वाचून घेतला माझ्याकडून. म्हणे कमी ऐकू येतं, मोठ्यानं वाचा. वाचला. म्हणे कळलं नाही, पुन्हा. एक एक विनोद तीन तीन वेळा ओरडून सांगितलाय मी, बाई. सगळी खोली बघत होती."

"हसलं का कुणी?"

लेखकसाहेबांनी कानशील चोळलं. "उद्या तुम्हाला पत्र मिळेल कार्यालयाकडून. माझ्या हातात असतं तर आजच दिलं असतं. आणि माझा थेट नंबर घेतलाय त्यांनी. दर रविवारी आठ पाचला मला फोन करणार आहेत. बाई कुठं हसायच्या ते सांगायला."

"माझ्यासाठी काही निरोप?" शेरेबाईंनी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारून बसल्या.

"तुमच्यासाठी? नाही. तुमचं नावही काढलं नाही."

ते गेले. दार त्यांनी ओढून घेतलं, पण वाऱ्यानं ते पुन्हा उघडलं आणि आपटलं. मावशी काहीतरी बोलणार होत्या. शेरेबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या पुन्हा टाके मोजायला लागल्या. राग गेला नव्हता. लेखकावरचा होता, शेजाऱ्यावरचा होता, छापील हसण्यावरचा होता. आणि आता थोडासा काकांवरही होता, नाव न काढल्याबद्दल. त्याची मात्र लाज वाटत होती.

फोन वाजला.

"प्रेक्षक कक्ष, नमस्कार."

"अहो, तुमचं चॅनेल दिसत नाहीये. कालपासून नुसत्या मुंग्या. कोण म्हातारा म्हणतात सगळे, आम्हाला काही दिसलंच नाही."

"बरं झालं," शेरेबाई म्हणाल्या. "टीव्हीच्या मागं जा. काळी वायर आहे का? ती काढा. नाही, गोल टोकाची. काढलीत? फुंकर मारा आत. आता लावा, आणि धरून ठेवा जरा."